तिप्पट मांसाचे वचन : रियाझानचे प्रथम सचिव अलेक्सेय लारियोनोव्ह यांची कारकीर्द

प्रश्न असा आहे की, सोव्हिएत काळात प्रांताचा पक्षप्रमुख, म्हणजे ‘प्रथम सचिव’, प्रत्यक्षात किती सत्ता बाळगून असे, आणि रियाझानचे लारियोनोव्ह यांच्यासारखा अनुभवी माणूस, एका वर्षात तिप्पट मांस देण्याचे, जे होणे शक्यच नव्हते असे वचन जाहीरपणे देऊन स्वतःचा आणि आपल्या प्रांताचा नाश कसा ओढवून घेऊ शकला; त्यांना लबाड म्हणावे की वरच्यांनी बळी दिलेला माणूस? सोव्हिएत इतिहास अनेक वर्षे शिकवताना हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वापरले आहे, कारण त्या व्यवस्थेचे एकेक चक्र दुसऱ्यात कसे अडकलेले होते ते येथे विलक्षण स्पष्टपणे दिसते. माझे मत आधीच सांगतो. लारियोनोव्ह यांनी दिलेले पहिले वचन त्यांच्यावर लादले गेले होते. दुसरे मात्र त्यांनी गोठे रिकामे झाल्याचे पक्के ठाऊक असताना दिले, आणि त्यांचे मूल्यमापन त्या दुसऱ्या वचनावरून व्हायला हवे.

अलेक्सेय निकोलायेविच लारियोनोव्ह यांचा जन्म १९०७ साली रशियाच्या उत्तरेकडील आर्खांगेल्स्क परिसरातल्या एका खेड्यात झाला. त्यांच्या पिढीचे नशीब समजून घेतल्याशिवाय त्यांची बढती समजत नाही. स्टालिनच्या १९३७-३८ च्या दमनसत्रात प्रांतोप्रांतीचे जुने सचिव अटकेत गेले, पुष्कळांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि तिशीतल्या तरुणांना रातोरात रिकाम्या खुर्च्यांवर बसवण्यात आले. क्रांतीच्या वेळी ही मुले दहा-बारा वर्षांची होती. पक्षातील जुने वादविवाद त्यांनी पाहिलेले नव्हते. वरून आलेला आदेश, त्याची मुदत आणि मुदतीनंतरचा जाब एवढेच त्यांचे राजकीय शिक्षण होते. लारियोनोव्ह १९४२ मध्ये, म्हणजे वयाच्या पस्तिशीत, यारोस्लाव्ह्ल प्रांताचे प्रथम सचिव झाले. त्यांच्या आधी तेथे निकोलाय पातोलिचेव्ह होते, जे पुढे चेल्याबिन्स्कला आणि नंतर बेलारूसला गेले आणि १९५८ पासून सत्तावीस वर्षे सोव्हिएत संघाचे परराष्ट्र व्यापारमंत्री राहिले. एकाच खुर्चीवरून निघालेल्या दोन वाटा किती वेगळ्या ठिकाणी पोचू शकत, याची कल्पना यावरून यावी.

यारोस्लाव्ह्लमधली ती वर्षे युद्धाची होती. जर्मन सैन्याच्या वेढ्यातून सुटून आलेले लेनिनग्राडचे लोक तेथून जात होते, काही तेथेच राहत होते. शहरात टायरचा मोठा कारखाना होता आणि जून १९४३ मध्ये जर्मन विमानांनी त्यावर बाँबहल्ला करून त्याची मोठी हानी केली. अशा प्रांतात प्रथम सचिव हा केवळ पक्षाचा पदाधिकारी नसे. कोणत्या कारखान्याला आधी कोळसा द्यायचा, कोणत्या गावातून लाकूडतोडीसाठी माणसे काढायची, रेल्वेचे डबे कोणी अडवून ठेवले आहेत, हे सगळे निर्णय त्याच्या टेबलावर येत. युद्धकाळात या पद्धतीने कामे होत असत, याबद्दल शंका नाही. अडचण अशी झाली की, त्या पिढीने हीच पद्धत शांततेच्या काळातही कामाची एकमेव पद्धत मानली. टायरचा कारखाना तीन पाळ्यांत चालवता येतो. गाय तीन पाळ्यांत वासरे देत नाही.

१९४६ पासून लारियोनोव्ह मॉस्कोत केंद्रीय समितीच्या कार्यालयात पदाधिकाऱ्यांच्या नेमणुकांचे काम पाहत होते आणि १९४८ मध्ये त्यांना रियाझानला पाठवले गेले. हे प्रांत-शहर मॉस्कोच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, ओका नदीजवळ आहे. प्रांताच्या उत्तरेला मेश्चेराची दलदलीची, रेताड, जंगलाळ जमीन आहे आणि दक्षिणेला बऱ्यापैकी काळी माती लागते. युद्धाने आणि त्याआधीच्या सामुदायिकीकरणाने, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गुरे सक्तीने सामुदायिक शेतांत घेण्याने, तेथील खेडी खंगलेली होती. लारियोनोव्ह या पदावर बारा वर्षे राहिले, जे त्या काळाच्या मानाने बरेच होते, आणि १९५२ पासून ते पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्यही होते. त्यांच्या काळात रियाझान शेतीच्या बाजारपेठेच्या गावातून औद्योगिक शहर होऊ लागले. तेथील मोठा तेलशुद्धीकरण कारखाना १९६० मध्ये, म्हणजे नेमका त्यांच्या अखेरच्या वर्षी, सुरू झाला. ही बाजू लक्षात ठेवायला हवी, कारण नंतरच्या कथनात लारियोनोव्ह म्हणजे केवळ एक फुगवलेला आकडा होऊन बसतात.

आता सत्तेच्या प्रश्नाकडे वळू. कागदोपत्री प्रथम सचिवाची निवड प्रांतिक पक्ष-समिती, म्हणजे ओबकोम, करीत असे. प्रत्यक्षात नाव मॉस्कोहून येई, सोबत केंद्रीय समितीचा प्रतिनिधी येई आणि हात वर होत. त्या क्षणापासून प्रांताच्या आत त्या माणसाला आव्हान देणारे कोणी नसे. कार्यकारी सरकारचा प्रमुख दर्जाने त्याच्या खाली असे. न्यायालय, पोलीस, वृत्तपत्र, विद्यापीठ, कारखान्यांचे संचालक आणि जिल्हा सचिव हे सगळे त्याच्या नेमणूक-यादीतले किंवा त्याच्या शब्दाला मान देणारे. राज्य सुरक्षा खात्याचा अधिकारी तेवढा वेगळ्या वाटेने मॉस्कोला कळवू शके. मात्र प्रांताच्या हद्दीबाहेर या सत्तेला काडीची किंमत नव्हती. बियाणे, यंत्रे, सिमेंट, खतांचा कोटा यांसाठी सचिवाला मॉस्कोत खात्याखात्यांचे उंबरठे झिजवावे लागत, आणि त्याला काय मिळेल हे तो वरच्यांना किती उपयोगी आहे यावर ठरे. त्यामुळे खाली सर्वशक्तिमान आणि वर पूर्णपणे परावलंबी असा हा माणूस होता. त्याची चूक खालून कोणी दाखवू शकत नसे आणि त्याचे यश वरून कोणी तपासत नसे. किमान जोपर्यंत ते यश वरच्यांना हवे असे, तोपर्यंत तरी नाही.

दुसरा बारकावा योजना आणि ‘समाजवादी बांधिलकी’ यांच्यातल्या फरकाचा आहे, आणि या प्रकरणात तो कळीचा आहे. योजना ही कायद्याने बंधनकारक होती. ती नियोजन मंडळाच्या आकड्यांवर, निदान काही प्रमाणात तरी, उभी असे. बांधिलकी मात्र ‘श्रमिकांनी स्वेच्छेने’ योजनेवर चढवलेली भर होती. ती सभेत जाहीर होई, वर्तमानपत्रात छापली जाई आणि इतर प्रांतांना आव्हान म्हणून फिरवली जाई. तिच्यासाठी जादा चारा, जादा पैसा, जादा यंत्रे देण्याची जबाबदारी कोणावरच नसे, कारण ती मुळात स्वेच्छेची. या स्वेच्छेमागे किती फोन आलेले असत ते छापले जात नसे.

२२ मे १९५७ रोजी लेनिनग्राडच्या शेतीविषयक सभेत पक्षाचे सर्वोच्च नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केले की, दरडोई मांस, लोणी आणि दूध यांच्या उत्पादनात सोव्हिएत संघ येत्या काही वर्षांत अमेरिकेला गाठेल. मांसाबाबत याचा अर्थ असा होता की, देशाचे उत्पादन तिपटीहून थोडे अधिक वाढवावे लागणार होते. अर्थतज्ज्ञांचा हिशेब १९७५ सालापर्यंत पोचत होता, आणि ख्रुश्चेव्ह यांनी तो त्याच भाषणात हसण्यावारी नेला. पुढच्याच महिन्यात मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच या स्टालिनकालीन जुन्या नेत्यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या आक्षेपांत ही मांसाची घोषणाही होती. अध्यक्षमंडळात, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च छोट्या मंडळात, ख्रुश्चेव्ह अल्पमतात गेले होते. त्यांना तारले ते केंद्रीय समितीच्या बैठकीने, आणि त्या समितीत प्रांतिक सचिवांचा गट सर्वांत भारी होता. येथून पुढे दोन्ही बाजू एकमेकांना बांधल्या गेल्या. आपली घोषणा पोकळ नव्हती हे सिद्ध करणारा एखादा प्रांत ख्रुश्चेव्ह यांना तातडीने हवा होता, आणि असा प्रांत पुरवणाऱ्याला काय मिळेल हे सचिवांना समजत होते.

रियाझानकडे नजर जाण्याचे कारण त्या प्रांताचे आधीचे यश होते. १९५८ पर्यंत तेथे दुधाचे उत्पादन खरोखरच वाढले होते आणि १९५९ च्या आरंभी प्रांताला लेनिन पदक देण्यासाठी ख्रुश्चेव्ह स्वतः रियाझानला गेले. १९५८ मध्ये प्रांताने राज्याला सुमारे ४८,००० टन मांस विकले होते. पुढच्या वर्षी १,५०,००० टन विकू, म्हणजे एका वर्षात तिप्पट, असे वचन रियाझानच्या नावाने तयार झाले. मॉस्कोतल्या शेती विभागाकडून दबाव आला होता, आणि ९ जानेवारी १९५९ रोजी ‘प्राव्दा’ या पक्षाच्या मुखपत्राने हे वचन छापले ते ख्रुश्चेव्ह यांच्या वैयक्तिक आग्रहावरून. देशाला तिप्पट हवे होते आणि रियाझाननेही नेमके तिप्पटच कबूल केले, हा योगायोग मला कधीच पटलेला नाही. हा आकडा रियाझानच्या गोठ्यातून वर गेलेला नव्हता. तो मॉस्कोच्या भाषणातून खाली उतरलेला होता.

पशुपालनाची जुजबी माहिती असलेल्यालाही हे वचन अशक्य दिसले असते. गाईचा गाभणकाळ नऊ महिन्यांहून थोडा अधिक असतो, आणि कालवड पहिल्यांदा विते ती दोन-अडीच वर्षांची झाल्यावर. जानेवारीत घेतलेल्या निर्णयाने डिसेंबरपर्यंत गुरांची संख्या तिप्पट करण्याची कोणतीही वाट निसर्गात नाही. डुकरांची वाढ झपाट्याने होते, डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेळी आठ-दहा पिले देते; पण डुकरांना धान्य लागते, आणि धान्याची तर त्या देशात कायमची ओढाताण होती. म्हणजे एका वर्षात मांस वाढवण्याचा उरलेला एकच मार्ग होता, तो म्हणजे जे पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी वाढणार होते ते आजच कापणे. पेरणीसाठी कणगीत राखलेले बियाणे दळून खाणाऱ्या कुटुंबाचे जेवण त्या रात्री भरपेट होते, तसे हे झाले.

त्या वर्षी रियाझानमध्ये काय घडले ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. आधी १९५९ मध्ये जन्मलेली वासरे, मेंढरे आणि पिले कत्तलखान्यात गेली. ती पुरली नाहीत तेव्हा दुभत्या गाई आणि पैदाशीची जनावरे गेली. ज्या दुधासाठी प्रांताला पदक मिळाले होते ते दूधच यामुळे आटणार, हे गोठ्यातल्या प्रत्येक बाईला दिसत होते. त्यानंतर कोल्खोझच्या, म्हणजे सामुदायिक शेताच्या, सदस्यांच्या खासगी जनावरांवर हात पडला. ती ‘तात्पुरती उसनी’ म्हणून, पावती देऊन घेण्यात आली आणि पुढे परत केली जातील असे सांगण्यात आले. रशियन खेड्यात घरची एक गाय आणि परसातला लहानसा तुकडा यावर कुटुंब जगत असे; सामुदायिक शेतावरच्या कामाचा मोबदला पोट भरण्यापुरताही भरवशाचा नव्हता. त्यामुळे त्या पावतीचा अर्थ प्रत्येक घरात नीट कळला होता.

एवढ्यानेही आकडा गाठला जाईना, म्हणून प्रांताबाहेर खरेदी सुरू झाली. यंत्रांसाठी, शाळांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवलेला पैसा जनावरे आणि मांस विकत घेण्यात गेला. रियाझानचे खरेदीदार दूरदूरच्या भागांत फिरू लागले आणि शेजारच्या प्रांतांनी आपल्या रस्त्यांवर त्यांची वाहतूक अडवायला सुरुवात केली, कारण त्यांच्यावरही स्वतःच्या बांधिलकीचे ओझे होते. प्रांतातल्या संस्थांवर, अगदी शाळांवरही, मांस जमा करण्याची सक्ती झाली. शेतांना ट्रॅक्टर पुरवणारी सरकारी मशीन-ट्रॅक्टर केंद्रे १९५८ मध्ये बंद करून त्यांची यंत्रे कोल्खोझांना विकत घ्यायला लावली होती, त्यामुळे कोल्खोझांची तिजोरी आधीच रिकामी होत आली होती. ज्या वर्षी त्यांना श्वास घ्यायला उसंत हवी होती नेमके तेच वर्ष हे होते.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करायला हवा. रियाझानचे मांस हे सर्वस्वी कागदावरचे होते असे पुष्कळदा सांगितले जाते. खोट्या नोंदी झाल्या, एकच माल दोनदा मोजला गेला, बाहेरून घेतलेले मांस स्वतःचे म्हणून दाखवले गेले, हे सगळे खरे आहे. पण त्या आकड्याचा मोठा भाग खऱ्या जनावरांचा होता, आणि संकट गंभीर झाले ते त्यामुळेच. सगळाच आकडा खोटा असता तर प्रांतात गुरे तरी उरली असती. नुसती खोटी नोंद वर्षअखेरीस फक्त हिशेब बिघडवते. खरी कत्तल पुढची अनेक वर्षे बिघडवते.

१६ डिसेंबर १९५९ रोजी रियाझानने जाहीर केले की, १,५०,००० टनांचे वचन पूर्ण झाले आहे, आणि त्याच दमात पुढच्या वर्षी १,८०,००० टन देण्याचे नवे वचन दिले. केंद्रीय समितीच्या डिसेंबरच्या बैठकीत ख्रुश्चेव्ह यांनी लारियोनोव्ह यांचे कौतुक केले आणि त्याच महिन्यात लारियोनोव्ह यांना ‘समाजवादी श्रमाचा वीर’ हा देशातला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

माझे मत याच क्षणावर ठरते. जानेवारी १९५९ मध्ये नकार दिला असता तर ‘नेतृत्व कमकुवत’ असा शेरा मारून लारियोनोव्ह यांना हलवले गेले असते, हे मान्य. तरीही प्रत्येक सचिवाने तेवढेच केले असे नाही. स्ताव्रोपोलसारख्या प्रदेशांनी रियाझानचे आव्हान स्वीकारताना त्याहून लहान आकडा कबूल केला. म्हणजे होकार देतानाही आकड्याची घासाघीस करायला थोडी जागा होती. लारियोनोव्ह यांनी ती घेतली नाही, कारण दुधाच्या यशाने त्यांना स्वतःच्या जोरावर विश्वास वाटू लागला होता, असे मला वाटते. हे समजण्यासारखे आहे. परंतु डिसेंबरमध्ये, जेव्हा पैदाशीची जनावरे कापून झाली होती आणि उसन्या घेतलेल्या गाई परत देण्याजोगे काही उरले नव्हते, तेव्हा १,८०,००० चा आकडा उच्चारणे हा निव्वळ दबावाचा परिणाम नव्हे. तेथे त्यांनी वेळ विकत घेतला आणि त्याची किंमत प्रांतातल्या खेड्यांना चुकवायला लावली. त्यांच्याहून वरच्यांनीही हा आकडा ऐकून टाळ्या वाजवल्या, याने त्यांचा दोष वाटला जातो, नाहीसा होत नाही.

१९६० मध्ये रियाझानने राज्याला केवळ ३०,००० टनांच्या आसपास मांस दिले. १९५८ च्या तुलनेत सामुदायिक गुरांची संख्या सुमारे ६५ टक्क्यांनी घटली होती. ज्यांच्या गाई ‘तात्पुरत्या’ नेल्या होत्या ते लोक सामुदायिक शेतावर कामाला जाईनासे झाले, पेरणी आणि कापणी दोन्ही रखडल्या, आणि धान्याचे उत्पादनही निम्म्याने घसरले. मांसाच्या मोहिमेने धान्य बुडवले, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. यात चमत्कार काही नाही. शेणखत गोठ्यातून येत होते आणि कष्ट माणसांतून. एका वर्षात गोठे रिकामे झाले होते आणि माणसांचा विश्वास गमावला गेला होता.

हे लपवणे शक्य उरले नाही तेव्हा मॉस्कोहून तपासणीसाठी माणसे आली, आणि सप्टेंबर १९६० मध्ये लारियोनोव्ह यांची सत्ता संपली. २२ सप्टेंबर १९६० रोजी त्यांनी आत्महत्या केली. अधिकृत कारण हृदयविकाराचे देण्यात आले. त्यानंतरही काही महिने वृत्तपत्रांना या विषयावर काही लिहिण्याची मुभा नव्हती, कारण रियाझानचा आकडा हा एकट्या लारियोनोव्ह यांचा नव्हता. वर्षभर देशाला आदर्श म्हणून जो दाखवला त्याची जाहीर चौकशी करणे म्हणजे दाखवणाऱ्याची चौकशी करणे होते.

मोकळेपणाने बोलणे सुरू झाले ते जानेवारी १९६१ च्या केंद्रीय समितीच्या बैठकीत. तेथे ख्रुश्चेव्ह यांनी आकडे फुगवणाऱ्या सचिवांवर झोड उठवली, आणि दुकानातून लोणी विकत घेऊन तेच पुन्हा ‘उत्पादन’ म्हणून राज्याला देण्याचे प्रकारही चव्हाट्यावर आले, म्हणजे रोग एका प्रांतापुरता नव्हता. ताजिकिस्तानचे प्रथम सचिव तुर्सुन उल्जाबायेव्ह यांना त्याच वर्षी कापसाच्या खोट्या आकड्यांसाठी पदावरून आणि पक्षातून काढण्यात आले. मे १९६१ च्या हुकूमनाम्याने सरकारी अहवालात खोटी भर घालणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. शिक्षा आकडा लिहिणाऱ्यासाठी होती; अशक्य आकडा मागणाऱ्यासाठी त्या हुकूमनाम्यात काही नव्हते, आणि म्हणून तो फारसा चालला नाही. वीस वर्षांनी उझबेकिस्तानात शराफ रशिदोव्ह यांच्या कारकिर्दीत कापसाचे जे झाले त्यात यंत्रणा तीच होती, फक्त तेथे कापूस मोठ्या प्रमाणावर खरोखरच कागदावरचा होता आणि त्यासाठी लाचेची एक अख्खी साखळी उभी राहिली होती. रियाझानमध्ये लारियोनोव्ह यांनी स्वतःसाठी पैसा केला असा आरोप कोणी केलेला नाही. या दोन प्रकरणांना एकाच नावाखाली घालणाऱ्या लेखांवर म्हणूनच मी विसंबू नका असे सुचवेन.

मांसाच्या मोहिमेचा हिशेब शेवटी शहरांपर्यंत पोचला. १ जून १९६२ रोजी मांसाच्या किरकोळ किमती सुमारे ३० टक्क्यांनी आणि लोण्याच्या २५ टक्क्यांनी वाढवल्या गेल्या. त्यामुळे उसळलेल्या नोव्होचेर्कास्क येथील कामगारांच्या निदर्शनांवर दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळीबार केला. किंमतवाढीची कारणे अनेक होती आणि ती एकट्या रियाझानवर ढकलणे चुकीचे ठरेल. खरेदीची किंमत उत्पादनखर्चापेक्षा कमी होती, खेड्यातल्या खासगी गाईंवर १९५८ पासून देशभर निर्बंध येत होते, आणि शहरांची लोकसंख्या वाढत होती. पण १९५९ मध्ये ज्यांनी गुरांची कत्तल वाढ म्हणून मोजली त्यांनी ही तूट किमान दोन वर्षे स्वतःपासूनच लपवून ठेवली, एवढे नक्की.

आणि सचिवांचा तो गट, ज्याने जून १९५७ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना वाचवले होते, त्याने या प्रकरणातून स्वतःचा धडा घेतला. मोहिमा ख्रुश्चेव्ह सुरू करतात आणि बळी सचिव जातात, हे त्यांना कळले. १९६१-६२ मध्ये त्यांच्या पदांची मुदत मर्यादित करण्याचे नियम आले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रांतिक समित्या औद्योगिक आणि शेती अशा दोन भागांत चिरल्या गेल्या, तेव्हा उरलासुरला आपलेपणाही गेला. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याच केंद्रीय समितीत ख्रुश्चेव्ह यांच्या बाजूने बोलायला कोणी उठले नाही. त्यांच्या जागी आलेल्या ब्रेझ्नेव्ह यांनी सत्तेवर येताच विभागलेल्या समित्या पुन्हा जोडल्या आणि पदाधिकाऱ्यांना स्थैर्याचे आश्वासन दिले. पुढची अठरा वर्षे बहुतेक प्रांतिक सचिव आपापल्या खुर्च्यांवर निवांत म्हातारे झाले.